नार्को : एका सुईची कुळकथा

नोव्हेंबर २०२२च्या दुसऱ्या पंधरवड्यात वसई स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांपासून वाहिन्यांच्या स्टुडिओपर्यंत एकच मागणी होती : नार्को करा. वसईची एक तरुणी, तिच्याबरोबर राहणारा वसईचाच तरुण, दिल्लीतलं मेहरौलीचं भाड्याचं घर आणि शेजारच्या जंगलात मिळालेली हाडं, हा तपशील सगळ्यांना तोंडपाठ झाला होता. मुलीचा पत्ता लागत नाही अशी तक्रार वडिलांनी माणिकपूर पोलीस ठाण्यात दिली, तिथून धागा दिल्लीला गेला आणि तरुणाला अटक झाली. गुन्ह्याचा निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे, इथला नाही. इथला विषय आहे ती सुई. १ डिसेंबरला रोहिणीच्या आंबेडकर रुग्णालयात आरोपीला ती टोचली गेली, तेव्हा आता सत्य बाहेर पडणार म्हणून आपण सगळे पडद्याकडे बघत होतो.

या सुईत आज पेंटोथाल असतं. पण तिचं मूळ शोधत मागे गेलं की आपण येतो उकिरड्याकडेला उगवणाऱ्या धोतऱ्यापाशी.

धोतऱ्यात जी विषारी द्रव्यं असतात त्यांतलं एक स्कोपोलामाइन, ज्याला हायोसीन असंही म्हणतात. आपल्याकडे धोतऱ्याची ख्याती सत्यासाठी कधीच नव्हती, चोरीसाठी होती. वसई पोर्तुगिजांकडे होती त्या काळात गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता (मुंबईचं बेट त्याच्याकडे खंडाने होतं) याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात धोतऱ्यावर एक संवादच लिहिला आहे. त्यात दासी मालकिणीच्या अन्नात धोतरा कालवते आणि दागिने घेऊन पसार होते. पुढे इंग्रजांच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्यांची वर्णनं पानोपानी आली. ज्याला धोतरा चढला त्याचं भान हरपतं, तो बडबडतो, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला काही आठवत नाही. चोराला याहून सोयीचं काय असणार?

हेच द्रव्य विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य बाळंतिणीच्या खोलीत पोहोचलं. बाळंतिणीला मॉर्फिनबरोबर स्कोपोलामाइन दिलं की ती अर्धवट गुंगीत राहते आणि कळांची आठवण उरत नाही. १९१६ साली अमेरिकेत टेक्सासमधला रॉबर्ट हाऊस हा डॉक्टर असंच एक बाळंतपण करत होता. बाळ झालं, वजन करायचं म्हणून त्याने नवऱ्याकडे तराजू मागितला. नवऱ्याला काही तो सापडेना. तेवढ्यात गुंगीतली बायको बोलली : स्वयंपाकघरात, तसबिरीमागच्या खिळ्याला आहे. आणि तो तिथेच होता! हाऊसने त्यातून निष्कर्ष काढला की या औषधाखाली माणूस खोटं बोलूच शकत नाही. १९२२ मध्ये डॅलसच्या तुरुंगातल्या दोन कैद्यांवर त्याने प्रयोग केला, दोघांनी गुन्हा नाकारला, आणि वर्तमानपत्रांनी त्या औषधाला सत्याचं औषध ठरवून टाकलं.

हाऊसच्या तर्कातलं भोक त्या बाळंतिणीच्या उत्तरातच आहे. तराजू कुठे आहे हे तिला लपवायचं कुठे होतं? गुंगीत माणूस बोलतो हे सिद्ध झालं, खरंच बोलतो हे नाही. गुंगीतला माणूस विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतो, स्वप्न आणि आठवण यांची सरमिसळ करतो, आणि ज्याला लपवायचंच आहे तो बरंच लपवूही शकतो. पण 'सत्याचं औषध' ही कल्पना इतकी मोहक होती की ती औषधापेक्षा जास्त टिकली. स्कोपोलामाइनने भास होतात म्हणून ते मागे पडलं, त्याच्या जागी अमायटाल आणि पेंटोथाल ही भुलीची औषधं आली. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये हॉर्सली नावाच्या डॉक्टरने मनोरुग्णांच्या उपचारासाठी ती वापरली आणि त्या पद्धतीला नार्को-अॅनालिसिस हे नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या धक्क्याने वाचा बसलेल्या सैनिकांना बोलतं करायलाही ती कामी आली. उपचार म्हणून हे ठीकच होतं. डॉक्टर रुग्णाच्या बाजूने असतो, त्याने सांगितलेल्या गोष्टीवर कुणाला फाशी द्यायची नसते.

अमेरिकेने हा नाद १९६३ साली सोडला. शिकागोच्या एका व्यसनी आरोपीला पोलिसांच्या डॉक्टरने हायोसीन टोचलं होतं, म्हणजे आपल्या धोतऱ्यातलं तेच द्रव्य. अशा गुंगीतून निघालेला कबुलीजबाब पुराव्यात चालणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आपण मात्र ही टाकून दिलेली वस्तू चाळीस वर्षांनी नव्याने आणली, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

बनावट मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीची नार्को बंगळूरला झाली. त्याची चित्रफीत नंतर वाहिन्यांवर चालली. डोळे जड झालेला माणूस बड्या नेत्यांची नावं घेतोय, हे घराघरांत जेवताना पाहिलं गेलं. एखाद्याला असं भुलीत दाखवणं आपल्याला त्या वेळी फारसं खटकलं नाही, हे मला आजही खटकतं. याच प्रकरणातले आरोपी मुंबई उच्च न्यायालयात गेले होते आणि मार्च २००४ मध्ये हरले. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं : लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंगमधून निघतो तो यंत्राचा आलेख, तो काही जबाब नव्हे. नार्कोत माणूस बोलतो खरा, पण तो स्वतःविरुद्ध बोलला की नाही हे आधी कसं कळणार? ते पुराव्यात आणायची वेळ आली की बघू.

हा वाद ज्या कलमाचा, त्या राज्यघटनेच्या २०(३) कलमानुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मग पोलीस बोटांचे ठसे तरी कसे घेतात? याचं उत्तर आपल्याच जुन्या राज्याच्या नावाने असलेल्या खटल्यात आहे : मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड, १९६१, अकरा न्यायमूर्तींचं पीठ. ठसा, हस्ताक्षराचा नमुना, अंगावरची खूण या गोष्टी माणूस 'सांगत' नाही, त्या असतातच. म्हणून त्या देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट उघड करणं ही साक्ष. अंग आणि मन यांच्यामध्ये कायद्याने तेव्हा एक कुंपण घातलं. डीएनएची चाचणी तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती, डोक्यावर तारा लावून आठवण वाचण्याचा दावाही नव्हता. मुंबईच्या न्यायालयाने २००४ साली मेंदूचा आलेख कुंपणाच्या अंगाकडच्या बाजूला ठेवला, एवढंच.

त्या सवलतीची कसोटी पुण्यात लागली. प्रियकराला प्रसादातून आर्सेनिक दिल्याच्या आरोपावरून एमबीएच्या एका विद्यार्थिनीला जून २००८ मध्ये जन्मठेप झाली. पुराव्यात होता कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या चाचणीचा अहवाल. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत काम केलेल्या मुकुंदन यांनी विकसित केलेली ही पद्धत अशी, की डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून आरोपीला गप्प बसवायचं आणि 'मी आर्सेनिक विकत घेतलं' अशी वाक्यं एकामागून एक ऐकवायची. प्रत्यक्ष अनुभवाची आठवण जागी झाली की मेंदूच्या लहरी वेगळ्या उमटतात आणि संगणक ती ओळखतो, असा दावा. म्हणजे तोंड उघडायचीही गरज नाही! परदेशी वर्तमानपत्रांनी याची दखल थक्क होऊन घेतली, कारण असा पुरावा मानणारं न्यायालय त्यांना दुसरीकडे दिसलं नव्हतं. त्याच वर्षी निमहान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ब्रेन मॅपिंगला शास्त्रीय आधार नाही, असं सांगितलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्या मुलीला जामीन दिला.

५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुंपणाची बाजू बदलली. मेंदूच्या आलेखातून आपण रक्तगट शोधत नाही, माणसाला काय ठाऊक आहे ते शोधतो. तेव्हा तो बोलला काय आणि न बोलला काय, ती साक्षच. म्हणून नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग, यांतलं काहीही संमतीशिवाय नाही. संमती वकिलासमक्ष समजावून घ्यायची, दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवायची. आणि संमती असली तरी चाचणीतलं बोलणं हा पुरावा नव्हेच; त्याच्या आधाराने पुढे एखादी वस्तू सापडली तर ती तेवढी पुराव्यात येऊ शकते. मला हा निकाल बरोबर वाटतो, आणि केवळ आरोपीच्या बाजूने नव्हे. ज्या साधनाला खरं-खोटं ओळखता येत नाही, ते तपास करणाऱ्यालाच आधी फसवतं.

वसईच्या प्रकरणात आरोपीने संमती दिली, म्हणून ती सुई टोचता आली. पण वाहिन्यांनी रात्रंदिवस वाट पाहिलेल्या चाचणीचं बोलणं कायद्याच्या लेखी जवळपास शून्य होतं. (त्या मुलीने नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात मारहाणीचा लेखी अर्ज दिला होता, कुठल्याही औषधाशिवाय, शुद्धीत, स्वतःच्या सहीने.) ओळख पटली ती वेगळ्याच मार्गाने. जंगलातली हाडं आणि केस यांची वडील व भावाच्या नमुन्यांशी तुलना झाली आणि जानेवारी २०२३च्या सुरुवातीला, हैदराबादच्या प्रयोगशाळेत झालेल्या मायटोकॉन्ड्रिया-डीएनएच्या चाचणीनंतर, दिल्ली पोलिसांनी जुळणी झाल्याचं सांगितलं. हा डीएनए केवळ आईकडून येतो, त्यामुळे बहीण-भावाचा सारखा असतो. आणि पेशीत त्याच्या प्रती असंख्य असल्याने उन्हापावसात पडलेल्या हाडातही तो टिकून राहतो. या तपासणीत कुणाला गुंगी आली नाही, कुणी बडबडलं नाही, पडद्यावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

म्हणून अंगाकडची बाजू निर्धोक आहे असं कुणी समजू नये. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ सालीच दुरुस्ती होऊन अटकेतल्या आरोपीचा डीएनए-नमुना घेण्याची तरतूद झाली, गरज पडल्यास बळ वापरूनही. ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या ओळख कायद्याने जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण 'मोजमापां'त धरलं, आणि अशी मोजमापं ७५ वर्षं जपून ठेवायची मुभा दिली. निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसायची तरतूद आहे, पण दंडाधिकाऱ्याला कारणं नोंदवून ती रोखता येते. १९६१ साली ज्याला नुसता ठसा मानलं, त्या अंगाच्या कणात आता माणसाचे आजार आणि नातीगोतीही वाचता येतात. एका माणसाचा नमुना म्हणजे त्याच्या भावाबहिणींचाही अर्धामुर्धा नमुना, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आणि हरवलेल्या मुलीसाठी स्वतःहून रक्त देणारे बाप? ते आरोपी नाहीत, आणि ओळख कायदा मुख्यतः अटकेतल्या व शिक्षा झालेल्या माणसांसाठी आहे. लोकसभेत २०१९ साली मांडलेल्या डीएनए विधेयकात हरवलेल्या व्यक्तींच्या नातेवाइकांच्या नमुन्यांसाठी वेगळी सूची होती, संमतीची अट होती, नाव काढून घेण्याची वाट होती. विधेयकावर आक्षेपही पुष्कळ होते, संसदीय समितीने ते लिहूनही ठेवले. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे वसईच्या त्या घरातले नमुने जुळल्यावर सहा-सात महिन्यांनी, सरकारने ते विधेयक मागे घेतलं.