लोखंड फोडणारे पाणी

कॅनडातल्या तळ्यांवर मोटारबोट चालवणारे लोक हिवाळ्यापूर्वी एक काम न चुकता करतात. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात खेळवलेले पाणी तोट्या उघडून काढून टाकतात. एखाद्या पोकळीत ते भरून राहिले, तर वसंतात इंजिनाच्या ओतीव लोखंडाला चीर गेलेली सापडते. पाण्याने लोखंड फुटावे कसे?

प्रश्न जुना आहे. १६६७ मध्ये हायगेन्स यांनी तोफेच्या लोखंडी नळीत पाणी कोंडून ती कडक थंडीत ठेवली. नळी फुटली! १७८४-८५ च्या हिवाळ्यात क्वेबेकमध्ये मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी पोकळ तोफगोळ्यांत पाणी भरून भोकांत लोखंडी खुंट्या ठोकल्या. पाणी गोठताना खुंटी दूर उडे, नाहीतर गोळाच फुटे.

गोठताना पाण्याचे रेणू ऐसपैस, षटकोनी रचनेत बसतात. आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. वाढायला जागा नसली, की दाब प्रचंड होतो.

म्हणूनच बर्फ हलका असतो, तरंगतो. आता वर्गात विचारून पाहा : गोठताना पाणी आकसले असते, तर बोटवाल्यांची खटपट वाचली असती, पण तळ्यातल्या माशांचे काय झाले असते?