आधी रोजमेळ, मग खातावही

पलसाणा चार रस्त्यापासून कडोदऱ्याकडे निघालं की हायवेच्या अंगाला डाइंग-प्रिंटिंगच्या मिला लागतात. त्यातल्याच एका मिलच्या हिशेबाच्या खोलीत 2003 च्या उन्हाळ्यात मी माझ्या हाताने एक डिस्क बिघडवली. मी नंदुरबारचा. गावची पोरं ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आली आणि लूमवर लागली, मी कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरलो.

त्या मिलमध्ये लिनक्स मीच बसवलं होतं, 2001 च्या सुरुवातीला, मासिकाच्या सीडीवरून. आमच्या पिढीला लिनक्स मिळालं ते असंच. 1996 मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, त्यामागे अतुल चिटणीस होते. बर्लिनमध्ये जन्मलेला, बेळगावात इंजिनीअर झालेला हा माणूस. 2013 मध्ये ते गेले. फोनच्या तारेवरून एवढं मोठं सॉफ्टवेअर उतरवणं ज्या काळात अशक्यच होतं, त्या काळात ती सीडी नसती तर माझ्यासारख्याच्या हाती हे कधी पडलं असतं, मला सांगता येत नाही. मी त्यांचं ऋण मानतो.

त्या दुपारी वीज गेली आणि आली. मशीन सुरू होताना डिस्क तपासायला थांबलं. बाहेर ट्रक उभा, चलान निघत नव्हतं. मी तपासणी अर्धवट सोडून मशीन चालू करून दिलं आणि तासाभराने, लोक काम करत असतानाच, तीच तपासणी पुन्हा लावली. प्रोग्रॅमने ठळक अक्षरांत बजावलं: डिस्क वापरात आहे, गंभीर नुकसान होऊ शकतं, खरंच पुढे जायचं? मी ‘वाय’ दाबलं.

यात नुकसान का होतं? चालू सिस्टिम डिस्कच्या नोंदींची एक प्रत मेमरीत धरून बसलेली असते. तपासणारा प्रोग्रॅम डिस्कवरची नोंद दुरुस्त करतो, आणि थोड्या वेळाने सिस्टिम आपल्याजवळची जुनी नोंद तिच्यावरच लिहून टाकते. एकाच वहीवर दोन मुनीम, दोघांपाशी वेगळे कागद. संध्याकाळी मशीन बंद करून चालू केलं तर डिस्क ओळखूच येईना.

डिस्क तपासण्याचं हे काम युनिक्सइतकंच जुनं. आधी त्यासाठी वेगवेगळे छोटे प्रोग्रॅम होते. एक ब्लॉक मोजायचा, एक फोल्डर तपासायचा, आणि सगळ्यांचा मेळ माणसाने घालायचा. 1970 च्या दशकाच्या अखेरीस टेड कोवाल्स्की यांनी ते एका प्रोग्रॅममध्ये आणलं, तोच एफ-एस-सी-के. पुढे बर्कलेच्या मंडळींनी डिस्कच्या मुख्य नोंदीच्या, म्हणजे सुपरब्लॉकच्या, प्रती डिस्कभर विखरून ठेवायला सुरुवात केली. 1993 मध्ये रेमी कार यांची एक्स्ट-2 ही लिनक्सची फाइल-व्यवस्था आली, तिने ही चाल उचलली. त्या प्रतीच मला त्या रात्री उपयोगी पडल्या.

खुद्द लिनक्सच्या जन्मकथेतही असा अपघात आहे. 1991 च्या अखेरीस लिनस टोरवाल्ड्स यांनी मोडेमला द्यायचा डायलिंगचा हुकूम चुकून हार्ड डिस्कवर लिहिला. मिनिक्स या त्यांच्या आधीच्या सिस्टिमचा भाग गेला, आणि ते पुरते लिनक्सवर आले.

मीही असाच चुकीचा हुकूम देऊन बसलो होतो, आता सावकाश चालायचं ठरवलं. डिस्कवर आता एक अक्षरही लिहायचं नाही. क्नॉपिक्सची सीडी लावली. क्लाउस क्नॉपर यांनी जर्मनीत बनवलेली, डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालणारी. आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली, आणि पुढचं सगळं नकलेवर केलं. ही सवय तेव्हापासून मोडलेली नाही. 2006 च्या पुरानंतर सुरतेतून डिस्क यायला लागल्या, तेव्हाही पहिलं काम नक्कल. मग तपासणीला सांगितलं, पहिला सुपरब्लॉक सोड, 32768 क्रमांकाच्या ब्लॉकवरचा वाच. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या.

पण नावं गेली होती. मालक हरवलेल्या फायली ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये जमा होतात, नाव म्हणून फक्त एक आकडा. हे फोल्डर डिस्क बनतानाच रिकामं, पण जागा राखून ठेवलेलं असतं. दुरुस्तीच्या वेळी नवी जागा शोधायला लागू नये म्हणून. त्यात शेकडो आकडे.

मिलचे म्हातारे मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी फाईल उघडायचो, ते पडद्यावर बोट ठेवायचे. ‘भाई, हा लॉट जॉबवर्कचा, ग्रे कापड आपल्याकडे आलं ते सोमवारी.’ टाक्यांचा, म्हणजे कापडाच्या तुकड्यांचा, आकडा आणि मीटर बघूनच त्यांना पार्टी ओळखू यायची. खातरी नसली की लाल चोपडा, म्हणजे हिशेबाची वही, उघडून रोजमेळाची ओळ शोधायचे. दोन रात्री आम्ही तेवढंच केलं. मिलचं बहुतेक सगळं परत आलं ते त्या हातच्या चोपड्यामुळे.

दुसऱ्या रात्री त्यांनी विचारलं, ‘तुमचं मशीन रोजमेळ ठेवत नाही काय? आधी रोजमेळ, मग खातावही. मध्ये दिवा गेला तरी ओळ रोजमेळात राहते.’ मी गप्प झालो. नेमकी हीच गोष्ट स्टीफन ट्वीडी यांनी एक्स्ट-2 मध्ये घातली होती. 2001 च्या नोव्हेंबरात ती एक्स्ट-3 म्हणून लिनक्सच्या गाभ्यात आली. काय बदलायचं ते आधी जर्नलमध्ये लिहायचं, मग जागेवर. वीज गेली तर अख्खी डिस्क तपासायची गरज नाही, जर्नलच्या ओळी वाचल्या की झालं. मात्र नेहमीच्या चालीत जर्नलमध्ये नोंदींचेच बदल जातात, फायलीतला मजकूर जात नाही. आणि माणसाने स्वतः ‘वाय’ दाबलं तर जर्नल त्याला अडवत नाही. रविवारी मिल बंद असताना मी एका हुकमात त्या डिस्कला जर्नल जोडलं. फॉरमॅट करावं लागत नाही.

मेहताजींनी माझ्याकडून सुपरब्लॉकच्या प्रतींचे आकडे मागून घेतले आणि चोपड्याच्या आतल्या पानावर आपल्या वळणदार गुजराती आकड्यांत लिहिले: 32768, 98304, 163840, 229376. दिवाळीला नवा चोपडा आला की ते मागची शिल्लक पुढे ओढायचे, आणि तिच्याखाली हे चार आकडेही.