एका दिवसाचे पुणे

पुण्यास निघालेला पाहुणा मला हटकून विचारतो, "मास्तर, दिवस एकच आहे. काय काय पाहू?" मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा इतिहास मला तोंडपाठ असणार, असा त्याचा समज. पूर्वी मी सांगे, सरळ दर्शनाच्या बसमध्ये बसा. 2019 साली मीही तसाच बसलो. ठिकाणे पुष्कळ झाली. शनिवारवाड्याच्या वाट्याला मात्र अर्धा तासही आला नाही. 1828 च्या आगीतून तिथे तट, दरवाजे आणि जोती एवढेच काय ते उरले. बाकीचा वाडा ज्याने त्याने मनात उभारायचा, आणि त्याला वेळ लागतो.

त्या दिवशी भिडेवाडा राहून गेला. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती तिथे. हा धडा मी वीस वर्षे वर्गात शिकवला, आणि वाडा पाहिलेला नाही! होता तो शनिवारवाड्यापासून थोड्याच अंतरावर, दगडूशेठ गणपतीसमोर. म्हटले, पुढल्या खेपेस पाहू. पुढली खेप आली 2024 साली. वाडा 2023 च्या डिसेंबरात पाडला गेला होता. तो मोडकळीस आला होता, तिथे स्मारक व्हायचे होते, हे सारे मला ठाऊक होते. तरी त्या जागेपुढे मला चोरट्यासारखे झाले.

मग पायीच फुलेवाड्यावर गेलो. घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी 1868 साली अस्पृश्यांना खुला केला, ते हे घर. अंगणात तासभर बसलो. बस गाठायची नव्हती.

हल्ली पाहुण्याला मी दोनच ठिकाणे सांगतो. तो हिरमुसतो. म्हणतो, "आणि सारसबाग?"