सुलभ संगीत-तंत्रज्ञान

सुलभ संगीत-तंत्रज्ञान : अपंग कलावंताला संगीत लिहिता, वाजविता व ध्वनिमुद्रित करता यावे यासाठीच्या लिपी, उपकरणे व संगणक-प्रणाली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अंध संगीतकारांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : हिंदुस्थानी संगीताची तालीम गुरुमुखातून होत असल्याने अंध विद्यार्थ्याला ती खुली होती, अडचण आली ती लेखनात. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली, शाळा सुटली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाण्याचे शिक्षण सुरू झाले. पुढे पलुसकर आणि विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रूढ केलेल्या स्वरलेखन-पद्धती मात्र डोळसांसाठीच होत्या. भातखंडे पद्धतीत मंद्र स्वराखाली व तार स्वरावर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. ब्रेलमध्ये अक्षराच्या वर-खाली खूण करता येत नाही. ती मागेपुढे वेगळ्या घरात (सहा टिंबांच्या चौकटीत) द्यावी लागते.

ब्रेल संगीतलेखन : लुई ब्रेल (१८०९–५२) स्वतः ऑर्गनवादक होते, १८२९ च्या त्यांच्या पुस्तकात संगीतलेखनाचाही समावेश होता. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत सहा टिंबांपैकी वरची चार स्वर दाखवितात, खालची दोन त्याचे कालमान. १-४-५ ही टिंबे म्हणजे पाश्चात्त्य ‘सी’ स्वर. त्यांत सहावे टिंब मिळविले की त्याची लांबी दुप्पट होते. बोटे कागदावर असताना तोच हात पेटीवर चालत नाही, म्हणून वादकाला ओळ आधी पाठ करावी लागते. तबल्याचे बोल ही अक्षरेच असल्याने ते भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीत) सरळ लिहिता येतात.

संगणक : ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य स्क्रीनरीडर (पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी प्रणाली) मायकल करन व जेम्स टे या ऑस्ट्रेलियातील अंध प्रोग्रामरांनी विकसित केला (२००६ पासून). ‘रीपर’ या ध्वनिमुद्रण-प्रणालीला ‘ओसारा’ ही जोड दिल्यास ट्रॅकचे नाव व आवाजाची पातळी स्क्रीनरीडरवर ऐकू येते. कापणे, जोडणे, मिश्रण ही कामे माउसशिवाय, कळफलकावरून होतात.

महाराष्ट्र : मुंबईत कारकीर्द घडविलेले रवींद्र जैन (१९४४–२०१५) जन्मांध होते, ‘चितचोर’ (१९७६) चित्रपट व ‘रामायण’ मालिकेचे संगीत त्यांचे. विदर्भात वरोऱ्याच्या आनंदवनात विकास आमटे यांनी २००२ मध्ये ‘स्वरानंदवन’ हा अपंग व कुष्ठमुक्त कलावंतांचा वाद्यवृंद उभा केला.

मूल्यमापन : सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावीही मराठी बोलणारा फोन आज अंध भजनी गायकाच्या हाती येऊ शकतो. पण तानपुऱ्याच्या ॲपमधील कळांना नावे दिलेली नसतील, तर प्रत्येक कळेवर तो फोन नुसते ‘बटण’ म्हणतो. सूर कोणती कळ बदलते, हे त्यातून कळत नाही. ॲप करणाऱ्याने कळांना नावे दिली, तर हा अडसर दूर होतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.