हौशी हातांतले मेंडोलिन

काही वाद्ये देवळातून घरात येतात, काही दरबारातून. मेंडोलिन आले ते बहुधा हौसेच्या वाटेने. अठराव्या शतकात इटलीतील नेपल्स शहरी व्हिनाच्या नावाच्या कारागीर घराण्याने त्याला आजचे रूप दिले: भोपळ्याच्या फाकेसारखी फुगीर पाठ, आखूड दांडी आणि तारांच्या चार जोड्या. मोझार्टने १७८७ साली आपल्या ‘डॉन जिओव्हानी’ या संगीतिकेत त्याला प्रेमगीताची साथ करावयास लावले. बेथोव्हनने १७९६ च्या सुमारास त्यासाठी काही छोट्या रचना केल्या, त्या प्रागमधील एका हौशी सरदारकन्येसाठी. पुढे इटलीच्या राणी मार्घेरिता यांनाही या वाद्याचा छंद होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर युरोप-अमेरिकेत गावोगावी मेंडोलिन-मंडळे निघाली. दिवसभर कचेरीत किंवा दुकानात राबणारी माणसे संध्याकाळी एकत्र जमत आणि वाजवीत.

या लोकप्रियतेचे कारण वाद्याच्या बांधणीत आहे. त्याच्या तारा व्हायोलिनप्रमाणेच एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावतात. पण व्हायोलिनवर स्वराची जागा बोटाला शोधावी लागते, येथे ती पडद्याने नेमून दिलेली असते. नवशिक्याला आठवडाभरात एखादी सोपी चाल साधते आणि त्याचा उत्साह टिकतो. मात्र या सोयीची किंमत चुकवावी लागते. तार छेडली की तिचा नाद क्षणात विरतो, म्हणून लांब स्वर हवा असेल तर नखी तारांवर वेगाने वरखाली फिरवीत राहावी लागते. मेंडोलिनचा तो परिचित थरथरता आवाज यातूनच जन्मला. दुसरी अडचण मोठी आहे. आपल्या संगीताचा प्राण मींडेत, आणि दोन तारांची जोडी पडद्यावरून एकसारखी ओढणे महाकठीण.

पडद्यात किंवा पट्टीत बांधलेला स्वर भारतीय संगीताला मानवतो का, हा वाद दिल्लीतच गाजला. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली हार्मोनियमवर कडाडून टीका केली. १९४० साली ते वाद्य नभोवाणीवरून हद्दपार झाले. ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली. फोल्ड्स यांचा आक्षेप मेंडोलिनलाही काही अंशी लागू पडतो. फरक एवढाच की हार्मोनियमची पट्टी वाकत नाही. मेंडोलिनची तार, कष्टाने का होईना, वाकविता येते.

हे कष्ट ज्यांनी घेतले त्यांनीच आपल्याकडे या वाद्याचा इतिहास घडविला. सीतामऊ येथे जन्मलेले सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) चित्रपटांचे संगीतकार म्हणून ओळखले गेले. पण साध्या मेंडोलिनवर त्यांनी हिंदुस्थानी राग वाजविले, ते ऐकून जाणकारही चकित होत. मुंबईत हलाखीत वाढलेल्या, वडिलांना लवकर मुकलेल्या लक्ष्मीकांत कुडाळकर या मराठी मुलाने बालवयातच मेंडोलिन हाती घेतले. तेच त्याच्या उपजीविकेचे साधन झाले, आणि १९६३ च्या ‘पारसमणि’पासून प्यारेलाल यांच्यासह तो स्वतः संगीतकार म्हणून पुढे आला. दक्षिणेत उप्पलपू श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी तर जोडतारांचा पेचच सोडविला. त्यांनी विजेवर चालणारे, एकेरी तारांचे मेंडोलिन घेतले आणि कर्नाटक संगीतातील गमके त्यावर उतरविली. १९९८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. परके मानलेले वाद्य देशाने आपले म्हटले.

सामान्य श्रोत्याच्या मनात मात्र मेंडोलिन रुजले ते चित्रपटामुळे. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटात मोहरीच्या शेतात मेंडोलिन घेऊन उभा असलेला नायक अनेकांना आठवत असेल. ते शेत कथेत पंजाबचे असले तरी त्याचे चित्रण दिल्लीलगतच्या गुडगावात, म्हणजे आजच्या गुरुग्रामात झाले. आता तेथे उंच इमारतींची दाटी आहे.

त्या इमारतींतून किंवा दिल्लीच्या एखाद्या गल्लीतून कोणी मेंडोलिन शिकू लागला, तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे. चाल लवकर येते. तेवढ्यावर समाधान मानले, तर वाद्य खेळणेच राहते. बोटांची टोके आठवडे-दोन आठवडे दुखतील, ती दुखू द्यावीत. तानपुऱ्याच्या साथीने एकच स्वर दीर्घ काळ धरून पाहावा. मग दोन स्वरांमधली ती अवघड वाट हळूहळू चालू लागावे. हौशी वादकाला कोणाच्या पसंतीची चिंता नसते, की बिदागीची घाई नसते. म्हणून एका मींडेसाठी वर्ष घालविणे त्यालाच परवडते. हौस म्हणजे उथळपणा, असे आपण उगाच मानतो. मेंडोलिनचा इतिहास सांगतो की सोपे वाद्य खोल करण्याचे काम मनापासूनच्या आवडीनेच होते.