व्याकरण आले, बोलणे राहिले

मराठी शाळेतून कॉलेजात आलेल्या मुलांविषयी एक वाक्य मी स्टाफरूममध्ये अनेक वर्षे ऐकत आलो आहे : "यांना ग्रामर येतं हो, पण तोंड उघडत नाहीत." वाक्य खरे आहे. मी स्वतः त्याच मुलांपैकी. आमचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले. दहावीपर्यंत अॅक्टिव्हचे पॅसिव्ह आणि डायरेक्टचे इनडायरेक्ट झोपेतून उठवले तरी करता येई. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी कोणी इंग्रजीत साधी चौकशी केली, की मनात आधी मराठी वाक्य तयार होई, मग त्याचे भाषांतर, मग त्याची तपासणी. तोवर विचारणारा निघून गेलेला असे. या प्रकाराचे खापर मुलांच्या बुजरेपणावर फोडले जाते. मला वाटते, त्याची मुळे आपण इंग्रजी कशी शिकलो या इतिहासात आहेत.

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत निघाले. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. आपल्या लोकांनी इंग्रजी विद्येकडे वळावे हा त्याचा एक उघड हेतू होता. डोळे एका स्तंभावरून दुसऱ्यावर न्यायचे आणि ताडून पाहायचे, ही इंग्रजी शिकण्याची पद्धत त्या पानातच दिसते. मेकॉलेचे प्रसिद्ध टिपण फेब्रुवारी 1835चे. म्हणजे मुंबईत इंग्रजीची ओढ त्याच्या आधीच लागली होती.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 साली आले. दादोबांसमोर संस्कृत परंपरा होती, तसेच लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरणही होते. मरे मूळचे अमेरिकन. त्यांनी ते पुस्तक यॉर्क शहरातल्या एका मुलींच्या शाळेसाठी लिहिले आणि 1795 मध्ये छापले. मरे यांनी इंग्रजी शब्दांच्या नऊ जाती सांगितल्या. मराठीत 'अ', 'अॅन', 'द' यांच्यासारखी उपपदे नाहीत. ती वगळली की उरतात आठ : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. मराठी शाळेत आपण पाठ केलेली यादी हीच. मेजर कँडी यांनी स्वल्पविराम, पूर्णविराम ही चिन्हे मराठीत रुळवली, तीही इंग्रजीवरून. त्यामुळे मराठी मुलाला इंग्रजी व्याकरण कधी फार परके वाटत नाही. त्याचा सांगाडा त्याने मातृभाषेच्या तासाला आधीच पाहिलेला असतो.

पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' आली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आधी नियम, मग शब्द, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करायची वाक्ये, असा तिचा क्रम. या पुस्तकाला हसणे आज सोपे आहे. पण ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नव्हता, त्या घरातल्या मुलाला ते पुस्तक दिव्याखाली बसून, कोणाच्या मेहेरबानीशिवाय वाचता येत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणी वडील रामजी सकपाळ यांनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची पाठमाला पक्की करून घेतल्याची नोंद त्यांच्या चरित्रात आहे. ज्या मुलाला शाळेत इतरांबरोबर बसू देत नव्हते, त्याच्याशी इंग्रजीत संभाषण कोण करणार होते? पुस्तकाने मात्र त्याला अडवले नाही. सावित्रीबाई फुल्यांनी 1854च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजीला माऊली म्हटले, ते या पार्श्वभूमीवर वाचावे लागते.

दुसरी बाजू अशी, की या वाटेवर परीक्षेने कधी बोलणे मागितलेच नाही. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1862 मध्ये न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची पहिली तुकडी बी. ए. झाली. विद्यापीठाला उत्तरपत्रिका हवी होती, कचेरीला अर्ज आणि टिपण हवे होते. बोलणे साहेबाच्या बंगल्यावर, क्लबात, कॉन्व्हेंटमध्ये चाले. 1930च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले आणि 'बो जेस्ट' कादंबरीमुळे नाव झालेले. हे पुस्तक देशभर पोचले, पण वाक्य तपासण्याचीच सवय त्याने आणखी घट्ट केली.

बोलताना अडते ते नियमांपाशी फारसे नाही. "तिने पुस्तक वाचले" हा आपला कर्मणी प्रयोग. पुस्तक नपुंसकलिंगी म्हणून क्रियापदही तसेच. इंग्रजीत हेच वाक्य अॅक्टिव्ह. हा घोटाळा चार दिवसांत सुटतो. पण शिक्षकांना 'यू' म्हणताना मुलाची जीभ अडते, कारण तू, तुम्ही, आपण यांतले अंतर त्या एका शब्दात मावत नाही. मग तो प्रत्येक वाक्यात दोनदा 'सर' घालतो. "जरा पाणी देता का?" यात आपली विनंती क्रियापदातच असते; 'प्लीज' वेगळे जोडावे लागते हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि न जोडल्यास तो उद्धट ठरतो. निरोप घेताना आपण "येतो" म्हणतो. "जेवण झालं का?" ही आपली विचारपूस, इंग्रजीत ती आमंत्रणासारखी ऐकू येते. तमिळ, कन्नड, बंगाली वाचकांना आपापल्या भाषेतली अशी उदाहरणे सहज आठवतील. ही माहिती कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात नव्हती, कारण ती माणसांच्या सहवासातूनच मिळते आणि तो सहवास सर्वांना सारखा मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतर वेगळे प्रयत्न झाले. हैदराबादला 1958 साली इंग्रजीची केंद्रीय संस्था उभी राहिली. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये, बंगळूरच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग केला. नियम शिकवायचे नाहीत. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा असे काही समोर ठेवून प्रश्न सोडवायला लावायचे. लक्ष अर्थावर असले की रूप आपोआप बसते, हा त्यांचा विचार जगभर चर्चिला गेला. आपल्या कॉलेजांच्या वर्गात तो फारसा पोचला नाही. महाराष्ट्राने 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आणली. तास वाढले, पण शंभर मुलांच्या वर्गात एकेकाला बोलायला मिळतात ती मिनिटे वाढली नाहीत. ती पोकळी रस्त्यारस्त्यावरच्या स्पीकिंग कोर्सच्या पाट्यांनी भरली, फी घेऊन.

म्हणून मुलाखतीत गप्प बसलेल्या मुलाला "बेसिक कच्चं आहे" म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याचे बेसिक दोनशे वर्षांच्या रियाजाने पक्के झालेले आहे. त्याला मिळायचे राहिले आहे ते बोलणारे माणूस, चूक ऐकूनही बोलणे पुढे चालू ठेवणारे. माझ्या वर्गात मी आता पहिले दोन आठवडे वाक्य दुरुस्त करत नाही. मुले मराठी मिसळून, अडखळत, एकमेकांना गावाचा रस्ता सांगतात. 'द' राहून जातो. पण ऐकणारा बरोबर एस. टी. स्टँडवर पोचतो.