जपायचा दाखला, मिटवायचे टिपण

भीमपूर हे आदिलाबाद जिल्ह्याचे महाराष्ट्राला लागून असलेले मंडल. २०१६ साली तेलंगणातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा ते वेगळे मंडल झाले. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. घरी मराठी, गोंडी किंवा कोलामी बोलणारे इथले मूल शाळेत तेलुगू वाचते आणि त्याच्या शिक्षणाचा लेखी पुरावा शाळेच्या कपाटात जमा होतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक नेमावा, असे सांगितले. म्हणजे त्या कपाटात आणखी एक वही येणार. ही नवी वही जुन्या वहीच्या रीतीने लिहिली गेली, तर सल्ला मागायला मुले येणारच नाहीत. शाळेची नोंदवही टिकण्यासाठी असते, सल्ल्याचे टिपण काम झाल्यावर नष्ट करण्यासाठी. हा भेद आपल्या भागाचा इतिहासच शिकवतो.

शाळेचे जनरल रजिस्टर उघडले की नाव, धर्म-जात, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा आणि शाळा सोडल्याचा दिनांक, सोडण्याचे कारण असे रकाने दिसतात आणि शेवटी ‘शेरा’. ते लिहिणाऱ्या मुख्याध्यापकांना त्या नोंदीचे आयुष्य किती, याची कल्पना नसावी. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा निजामकाळातली दप्तरे धुंडाळली गेली. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द पणतूचा प्रवेश ठरवू लागला. आदिलाबादेतही कागदाने गोंडांना आधार दिला. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नांतून हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. हक्काचा कागद असा पिढ्यान् पिढ्या टिकायलाच हवा.

पण टिकणारा कागद हक्क देतो, तसा डागही देतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांची रजिस्टरे तयार केली. पुढे १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसे आणि ठाण्यातली हजेरी आली. कायदा १९५२ साली गेला, तरी त्यात मोडणाऱ्या पारध्यांच्या नावामागचा संशय गेला नाही. शाळेतला शेरा इतका क्रूर नसतो, हे खरे. पण त्याची चाल तीच: एका वेळचे कुणाचे तरी मत पुढच्या प्रत्येक वाचकाला वस्तुस्थिती वाटू लागते.

सल्ल्याची परंपरा या दप्तरापासून वेगळी वाढली. रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत, असे चरकसंहितेचे विमानस्थान वैद्याला बजावते. मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या टाटा समाजकार्य संस्थेने १९३७ साली बाल मार्गदर्शन केंद्र काढले. ते शाळेबाहेर होते. स्वातंत्र्यानंतर मात्र सल्ला शाळेत आला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने मार्गदर्शनाची शिफारस केली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची नीट नोंद ठेवावी असेही सांगितले. हेतू चांगला होता: एका परीक्षेवरून मुलाला जोखू नये. पण बी.एड.च्या पुस्तकांत शिकवले जाणारे संचयी नोंदपत्रक पाहा. गुण, आरोग्य, घरची परिस्थिती, स्वभाव सगळे एकाच कागदावर. हक्काची नोंद आणि मनातली गोष्ट यांची सरमिसळ इथे झाली.

यावर पहिला आक्षेप पालकांचा: मूल आमचे, आम्हाला कळायला नको? कळायला हवे, पण मुलाने सांगितलेले, किंवा त्याला विचारून सांगितलेले. परस्पर वाचलेली वही घरातला संवाद वाढवत नाही, मुलाला गप्प करते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गुप्ततेच्या नावाखाली अत्याचार दडपला गेला तर? म्हणूनच गुप्ततेला हद्द हवी आणि ती कायद्याने आखलेली आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही गुप्ततेचा हक्क देताना जिवाच्या धोक्याचा अपवाद करतो. ही हद्द मुलाला पहिल्याच भेटीत, बोलायला लागण्याआधी, सांगावी. तिसरा आक्षेप सोयीचा: समुपदेशकाची बदली झाली तर पुढच्याला काय कळणार? त्यासाठी भेटीचा दिनांक, अडचणीचा प्रकार, ठरलेले पुढचे पाऊल एवढे पुरते. मुलाची कहाणी शब्दशः लिहायची गरज नसते.

आणखी एक हरकत घेतली जाते: लहान गावात सगळ्यांना सगळे ठाऊक, तिथे कसली गुप्तता? उलट तिथेच ती जास्त लागते. शहरातला मुलगा दुसरीकडे जाऊ शकतो. आश्रमशाळेतल्या मुलीला वॉर्डन, स्वयंपाकीण आणि बाई रोज त्याच भेटतात. त्यात भाषेची अडचण. समुपदेशकाला फक्त तेलुगू येत असेल, तर मुलीचे बोलणे कुणीतरी भाषांतर करून सांगावे लागते. म्हणजे पेन उचलण्याआधीच तिसरा कान हजर. हायमेनडॉर्फ यांनी १९४३ साली तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलावईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले. देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली, मराठीतूनही शिकवले गेले. मुलाच्या भाषेतला माणूस समोर असावा, हा धडा सल्ल्यालाही लागू आहे.

तेव्हा मार्ग कठीण नाही. सल्ल्याची टिपणे जनरल रजिस्टरच्या कपाटात ठेवू नयेत. त्यांच्या वेगळ्या कपाटाची किल्ली समुपदेशकाकडेच असावी. नावाऐवजी क्रमांक असावा. मूल शाळा सोडून गेल्यावर ठरलेल्या मुदतीत, कायद्याची बाब चालू नसेल तर, टिपण नष्ट करावे. सर्वोच्च न्यायालयानेही नावे वगळून नोंदी ठेवायला आणि त्यांवरून वार्षिक अहवाल द्यायला सांगितले आहे. वरिष्ठांना तेवढे पुरे. दाखल्यावरचा शेरा कुणाच्याही सल्ल्याच्या खोलीतून येता कामा नये. भीमपूरच्या मुलांना जातीचा, जन्माचा, शिक्षणाचा कागद शंभर वर्षे टिकणारा मिळो. पंधराव्या वर्षी त्यांनी रडत सांगितलेली गोष्ट मात्र तिसाव्या वर्षी कुणाच्या हाती लागू नये, ही जबाबदारी वही ठेवणाऱ्याची आहे.